टँकरचा रिव्ह्यू: १०,००० लिटर म्हणजे नक्की किती?

लोक मोबाइलचा रिव्ह्यू टाकतात, मिसळीचा टाकतात, मी टँकरचा टाकतोय. कारण गेल्या तीन वर्षांत आमच्या सोसायटीने सगळ्यात जास्त पैसे ज्या गोष्टीवर घातले ती लिफ्ट नाही, सिक्युरिटी नाही, गणपती तर नाहीच नाही, ते आहे पाणी. आणि एवढे पैसे देऊन आपण नेमकं काय विकत घेतोय हे मला खजिनदार होईपर्यंत माहीत नव्हतं, खरं तर खजिनदार झाल्यावरही पहिलं दीड वर्ष माहीत नव्हतं, बिल आलं की चेक फाडायचा एवढंच.

आधी जागा सांगतो. २०२१ च्या जूनमध्ये जी २३ गावं पुणे महापालिकेत आली त्यातल्या एका गावात राहतो. फ्लॅट बुक केला तेव्हा ग्रामपंचायत होती, ब्रोशरवर स्विमिंग पूल होता आणि गॅलरीतून ज्वारी दिसायची. आता ज्वारीच्या जागी चार टॉवर आहेत, पूल कोरडा आहे आणि त्यात पोरं क्रिकेट खेळतात (कडेला लागला तर आउट). ९६ फ्लॅट, साधारण ३०० माणसं. माणशी दिवसाला १३५ लिटर हा नेहमीचा सरकारी हिशोब धरला तर रोज ४० हजार लिटर लागतात. बिल्डरने पाच बोअर मारले त्यातले दोन चालतात, दिवाळीत बरे असतात, संक्रांत झाली की उतरायला लागतात आणि होळीनंतर नुसती हवा फुसफुसते. आपल्याकडचा हा काळा पाषाण, त्यात पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांमध्ये, भेग लागली तर लागली, नाहीतर ४०० फूट नुसता धुरळा. त्यात शेजारच्या प्रत्येक टॉवरने आपापले चार-चार बोअर मारलेत, म्हणजे एका शहाळ्यात पंधरा स्ट्रॉ.

तर मार्च ते मे रोज चार टँकर. दर पावसाळ्यात ८५० आणि एप्रिल-मेमध्ये १,३००. महिन्याचे १२० टँकर धरा, १ लाख ५६ हजार रुपये, फ्लॅटमागे १,६२५. आईला फोनवर हा आकडा सांगितला तर ती म्हणाली, "दुधाचं बिल एवढं?" तिला पाणी वाटलंच नाही.

आता पहिला सप्लायर. नाव देत नाही, द्यायची गरज पण नाही, हिरवी टाकी आणि मागे "पाणी हेच जीवन" लिहिलेली गाडी तुमच्याकडेही येतच असेल. फोन उचलायचा, वेळेवर यायचा, उधारीवर महिनाभर द्यायचा. पहिली दोन वर्षं मी ह्याला डोळे मिटून ५ स्टार दिले असते. टाकीवर पिवळ्या रंगात १०,००० लिटर लिहिलेलं होतं आणि आपण वाचून विश्वास ठेवला, पेट्रोल पंपावर शून्य बघणारी माणसं आपण, इथे काही बघितलं नाही.

शंका आली ती मला नाही, वॉचमन मामांना. एक दिवस म्हणाले, "साहेब, आधीच्या गाडीनं टाकीतलं पाणी ह्या कडीपर्यंत यायचं, आता वीतभर खाली राहतंय." मी म्हणालो लोक जास्त वापरत असतील. मामा काही बोलले नाहीत, पण ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं त्यावरून मी त्याच रविवारी टेप घेऊन खालच्या टाकीचं झाकण उघडलं.

टाकी आतून ६ मीटर बाय ४ मीटर, म्हणजे तळ २४ चौरस मीटर, म्हणजे पाणी १ सेंटिमीटर चढलं की २४० लिटर. १०,००० लिटर पडले तर पातळी ४१.७ सेंटिमीटर चढली पाहिजे, ह्याला काही इंजिनिअर लागत नाही, सातवीचं गणित आहे. इलेक्ट्रिशियनचा पांढरा पाइप घेतला, मार्करने खुणा केल्या, पाण्याची रेघ नीट दिसावी म्हणून पाइपला खडू चोळला. झाली आमची काठी तयार.

पहिलं माप आलं २९. माझं डोकंच फिरलं. ड्रायव्हरला तिथेच धरला, तीन हजार लिटर कुठे गेले विचारलं, तो बिचारा टाकीवर चढून "बघा ओ रिकामी आहे" करून दाखवतोय, खाली बी विंगचे काका व्हिडिओ काढतायत, आणि तेवढ्यात मामा म्हणाले, "साहेब, पंप चालू आहे." ऑटोवर होता. टँकर खाली होत असतानाच पंप पाणी वर चढवत होता. मग काय, सॉरी म्हणालो, चहा आणि दोन वडापाव खिलवले आणि काकांना तो व्हिडिओ डिलीट करायला लावला (केला नाही त्यांनी).

दुसऱ्या दिवसापासून नीट केलं. पंपाचा एमसीबी खाली, बोअरचा व्हॉल्व्ह बंद, टँकर रिकामा झाला की दहा मिनिटं पाणी शांत होऊ द्यायचं, मग काठी. ३६. परत ३५. मग ३७. अकरा दिवस मोजलं, सरासरी ३६ सेंटिमीटर, म्हणजे ८,६४० लिटर. प्रत्येक खेपेला १,३६० लिटर कमी. महिन्याच्या १२० खेपांवर हे १ लाख ६३ हजार लिटर होतात, सोळा टँकर, २१ हजार रुपये. असे टँकर ज्यांचे पैसे दिले पण जे गेटच्या आत कधी आलेच नाहीत.

आता ह्यात सगळी चोरीच होती का? तर नाही, आणि हे मला त्या ड्रायव्हरनेच सांगितलं, वडापावचा परिणाम. टाकी काठोकाठ भरली तर स्पीड ब्रेकरला झाकणातून उसळतं आणि मागच्या टू-व्हीलरवाल्याला आंघोळ होते, म्हणून वर वीतभर रिकामी ठेवतात. १०,००० लिटर म्हणजे नुसतं पाणीच १० टन, जुन्या गाडीला तेही झेपत नाही. आणि तिसरं कारण आमचंच होतं! आमच्या गेटपासून टाकीपर्यंत उतार आहे, गाडी तोंड खाली करून उभी राहते, पाण्याचा कॉक मागे, त्यामुळे पुढच्या बाजूला पाणी साचून राहतं आणि ते आमच्या दारात येऊन परत जातं. गाडी उलटी लावायला सांगितली, तर त्याच टँकरमधून दीड सेंटिमीटर जास्त आलं. ३६० लिटर! दोन वर्षं आम्ही उतारापायी पाणी परत पाठवत होतो.

बाकीच्या हजार लिटरचं विचारायला मालकाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, एवढ्या सोसायट्यांना पाणी देतोय, आजपर्यंत कुणी काठी घातली नाही." दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशी पण नाही. एप्रिलचा महिना, ग्रुपवर लोक मला खजिनदार सोडून बाकी सगळं म्हणायला लागले. शेवटी ओळखीतून १,८०० ला एक असे टँकर मागवले. हीच ह्या धंद्याची मेख आहे बघा, तुम्ही कस्टमर असता फक्त पावसाळ्यात, उन्हाळ्यात तुम्ही याचक.

माझा मावसभाऊ बंगळुरूला असतो. २०२४ च्या मार्चमध्ये तिथे पाण्याची जी काय बोंबाबोंब झाली तेव्हा प्रशासनाने टँकरचे दर ठरवून दिले होते, ५ किलोमीटरच्या आत १२,००० लिटरला १,००० रुपये वगैरे. मला तेव्हा भारी वाटलं होतं, आपल्याकडे पण पाहिजे म्हणालो होतो. आता वाटतं की दर ठरवाल हो, लिटर कोण मोजणार? दर बांधला की टाकीच छोटी होईल, चहाचा कप बारीक झाला तशी.

पाण्याच्या क्वालिटीबद्दल. सगळ्या सोसायट्यांसारखा आम्ही पण एक टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घेतला आणि त्यातच सगळं कळतं असा सगळ्यांचा समज झाला. टँकरचं पाणी कधी ७८०, कधी १,१००. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला ५०० बरं म्हटलंय आणि दुसरा सोर्सच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्या असं आहे, त्यामुळे सप्लायर कायम म्हणतो "लिमिटमध्ये आहे सर". गीझरची कॉइल दोन वर्षांत पांढरी होते, नळाच्या जाळीला खडू बसतो, पण ते ठीक आहे. मुद्दा असा की टीडीएस मीटर क्षार सांगतो, जंतू सांगत नाही. गटाराचं पाणी मिसळलं तरी तो काटा छान ४०० दाखवू शकतो. हे डोक्यात शिरलं २०२५ च्या जानेवारीत, सिंहगड रोडच्या बाजूला नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ह्या पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) पेशंट वाढायला लागले आणि संशयाची सुई पाण्याकडे गेली तेव्हा. तोपर्यंत आमच्यात कुणीच विचारलं नव्हतं की टँकर भरतो कुठे.

म्हणून एकदा पहाटे पाचला स्कूटर घेऊन गेलो टँकरच्या मागे. नगर रोड सोडून आत, मग कच्चा रस्ता, मग एक विहीर. चांगली दगडात बांधलेली जुनी विहीर, काठावर मोटर, मोटरमधून जाड पाइप, आणि पाइपखाली सात टँकर लायनीत. शेजारी कांद्याचं वावर असावं, वाफ्यांच्या खुणा होत्या, पण पाणी नव्हतं घातलेलं. मालक शेतकरी, साठीचे असतील, लाकडी खुर्ची टाकून वहीत रेघा मारत बसलेले, एक टँकर एक रेघ. मी आपला शहरी प्रश्न विचारला, कांदा नाही लावला यंदा? तर म्हणाले, "कांद्याला खत घाला, खुरपा, काढा, मार्केटला न्या, तिथं गेल्यावर भाव नाही. पाण्याला गिऱ्हाईक बांधावर येतंय." त्यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. क्लोरीन टाकता का विचारलं, तर ते म्हणाले ते टँकरवाल्याचं काम. टँकरवाला म्हणाला ते सोसायटीचं काम.

तर ते आम्हीच करतो आता. केमिस्टकडून क्लोरीन तपासायची छोटी किट आणली, बाटलीत पाणी घ्यायचं, दोन-तीन थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक पाहिजे. टँकरच्या पाण्यात थेंब टाकले की पाणी जसंच्या तसं, आरशासारखं. लोकांना ते बघून उलट बरं वाटतं, "किती क्लिअर आहे!" अहो क्लिअर आहे म्हणूनच घाबरायचं. १० टक्केवालं हायपो (क्लोरीनचं द्रावण) १०० मिली १०,००० लिटरमध्ये टाकलं की लिटरला १ मिलिग्रॅम होतं, मामा आता मापाने टाकतात आणि वहीत लिहितात. पिण्याचं पाणी तरी प्रत्येकाच्या घरी आरओचं किंवा उकळून, तो विषय वेगळा, त्या आरओची वाया जाणारी नळी बेसिनमध्ये सोडणाऱ्यांशी मी वेगळं भांडतो.

आता दुसरा सप्लायर, ज्याच्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू. ह्याला पहिल्या भेटीतच सांगितलं, आमच्या टाकीच्या तोंडाशी मीटर बसवणार, जेवढे लिटर तेवढे पैसे. पहिल्या तीन जणांनी "मीटरवर नाही देत आम्ही" म्हणून फोन ठेवला होता. हा म्हणाला, "लावा, पण दर १४ पैसे लिटर." म्हणजे १०,००० ला १,४००. मीटिंगमध्ये कल्ला झाला, आधी १,३०० होता तो १,४०० केला, खजिनदाराचं किती टक्के? बोर्डावर लिहून दाखवलं, १,३०० भागिले ८,६४० म्हणजे १५ पैसे लिटर देत होतो आपण. अर्ध्या लोकांना पटलं, उरलेल्यांना समोसे आल्यावर पटलं.

मीटर बसवायचा असेल तर दोन गोष्टी आमच्या खर्चाने शिकून घ्या. एक, मीटरच्या आधी जाळी हवी, नाहीतर विहिरीतला खडा, पानं, एकदा तर गुटख्याची पुडी येऊन मीटरची चक्री अडकली होती. दोन, टँकर संपत आला की पाइप अर्धा रिकामा वाहतो, पाण्याबरोबर हवा जाते, आणि चक्री हवेवर पण मस्त फिरते. पहिल्या आठवड्यात आम्ही हवेचे पैसे भरले, एका खेपेला १०,९०० दाखवले मीटरने, जे त्या टाकीत मावणंच शक्य नाही. प्लंबरने मीटरची जागा खाली घेतली आणि पुढचा पाइप वर उचलून मग टाकीत सोडला, म्हणजे मीटर कायम भरलेला राहतो. तेव्हापासून काठी आणि मीटर जुळतात, दोन टक्के इकडेतिकडे. पाणी ९,७०० ते ९,९०० च्या मध्ये.

एवढं सगळं झालं, मी कॉलर ताठ करून फिरायला लागलो, आणि आठ दिवसांनी मामा म्हणाले, "साहेब, टँकर पूर्ण येतोय पण लागतायत अजून चारच." हिशोबाने साडेतीन व्हायला पाहिजे होते. मग काठी घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. रात्री २ ते ५, पंप बंद, सगळी इमारत झोपलेली, वरच्या टाक्यांची पातळी २ ला मोजली आणि ५ ला मोजली. तीन तासांत १,१०० लिटर गायब. तासाला साडेतीनशेच्या वर, दिवसाला ८,८०० लिटर, कुणी नळाला हात न लावता! टँकरवाला चार खेपांत मिळून साडेपाच हजार खात होता, आम्ही झोपेत त्याच्या दीडपट सोडत होतो.

फ्लश टँक. सगळा खेळ फ्लशच्या आतल्या त्या काळ्या वायसरचा. क्षाराच्या पाण्याने तो कडक होतो, नीट बसत नाही, आणि पाणी इतकं बारीक झिरपतं की आवाज नाही, दिसत नाही. तपासायचं सोपं आहे, फ्लश टँकमध्ये जिलेबीचा केशरी रंग चिमूटभर टाका, पंधरा मिनिटं फ्लश करू नका, कमोडमध्ये रंग उतरला तर गळतंय. घरोघरी पुड्या वाटल्या. ९६ पैकी ३१ फ्लॅटमध्ये रंग उतरला. त्यातला एक माझा, गेस्ट बाथरूमचा, भगभगीत केशरी. बी विंगच्या काकांनी ह्याचा पण फोटो काढला.

वायसर बदलले, दोन दिवस लागले, प्लंबरचे आणि सामानाचे मिळून जो खर्च आला तो एका आठवड्याच्या टँकरपेक्षा कमी. टँकर चारावरून तीनावर आले.

आणखी एक, एसटीपी. गेलेल्या पाण्यावर प्रक्रिया करून ते फ्लशला आणि झाडांना वापरायचं, प्लांट बिल्डरने दिलाय, कागदावर उत्तम आहे. प्रत्यक्षात आधीच्या कमिटीने लाइटबिल वाचवायला त्याचा ब्लोअर रात्री बंद ठेवला होता, आतले जिवाणू मेले, वास सुटला, मग पाणी कुणी फ्लशला घेईना, मग ते पण टँकरच्याच पाण्यावर. ड्रेनेजची लाइन नाही म्हणून मैल्याचा टँकर वेगळा. म्हणजे एक गाडी पाणी आणते, दुसरी घेऊन जाते, दोन्हीचं बिल आमच्याकडे. एसटीपीचा रिव्ह्यू सुरू झाल्यावर लिहीन, आत्ता लिहिला तर शिव्याच होतील.

कधीकधी गंमत वाटते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून २९.१५ टीएमसी पाणी साठतं. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर, आमच्या भाषेत २८ लाख टँकर. २५ जुलै २०२४ ला धरणातून मुठेत पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरात शिरलं, बोटी फिरत होत्या. त्या दिवशी इथे धो धो पावसात टँकर उभा होता, आणि ड्रायव्हर छत्री धरून सही घ्यायला आला.

तर स्टार. पहिला सप्लायर २, त्यातला एक ड्रायव्हरचा. दुसरा ४. एक का कापला तर क्लोरीनचं अजून अंगाला लावून घेत नाही, आणि दोनदा रात्री अडीचला येऊन हॉर्न वाजवलाय, ए विंगमधलं तान्हं बाळ उठलं की पूर्ण ए विंग उठते. वेळेचं म्हणाल तर सांगितल्यापासून चार तासांत येतो, मेमध्ये सहा. बिल लिटरवर, खाली मीटरचं आधीचं आणि नंतरचं रीडिंग, मामांची सही. इतकं स्वच्छ बिल मला माझ्या गाडीच्या सर्व्हिसिंगला कधी मिळालं नाही.

नंबर मागू नका, डीएम पण करू नका. त्याच्याकडे आत्ता चार सोसायट्या आहेत, दोनच गाड्या आहेत, आणि मे अजून यायचाय.